छत्री एकच, डोकी दोन : यमकातलं पहिलं चित्रपुस्तक लिहायला बसताना

मैत्री आणि वाटून घेणं या विषयावर लहान मुलांसाठी यमकात लिहायला बसलं की पहिली ओळ हमखास उपदेशाची सुचते. माझ्या पहिल्या खर्ड्यात एक ससा होता. त्याच्याकडे चेंडू होता, तो कुणाला द्यायचा नाही, मग त्याला एकटं वाटायला लागलं, शेवटच्या पानावर त्यानं चेंडू देऊन टाकला आणि सगळे नाचले. यमकं जुळलेली, शेवट गोड. पाच-सहा मुलांना तो वाचून दाखवला. वाचून झाल्यावर चार वर्षांच्या एका मुलीनं विचारलं, “मग त्याला चेंडू परत कधी मिळाला?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मी त्याचा विचारच केला नव्हता. मुलांच्या जगात मात्र हाच खरा प्रश्न असतो. पहिल्यांदाच असं पुस्तक लिहू पाहणाऱ्यांसाठी पुढच्या पायऱ्या त्या प्रश्नापासूनच सुरू केल्या आहेत. समजायला सोपं जावं म्हणून बोलता बोलता एक छोटं पुस्तक उभं करू : दोन मुलं, एक छत्री, पाऊस.

पहिली पायरी : नेमकं कोणतं वाटणं?

मोठी माणसं “शेअर कर” म्हणून मोकळी होतात. मराठीत मात्र त्या एका शब्दामागे निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या आहेत आणि आपल्याला त्या वेगळ्या शब्दांनी म्हणता येतात, हा आपला फायदाच आहे. वाटून घेणं म्हणजे वस्तूचे भाग करणं. माझा भाग कमी होतो आणि गेलेलं परत येत नाही. पाळीपाळीनं घेणं म्हणजे वस्तू पूर्ण मिळते, पण थांबावं लागतं. वापरायला देणं म्हणजे वस्तू माझीच राहते, पण थोडा वेळ नजरेआड होते. देऊन टाकणं म्हणजे कायमचं सोडणं. आणि पाचवा प्रकार, जो चित्रात सगळ्यात देखणा दिसतो : एकाच वस्तूत एकाच वेळी दोघांनी मावणं. एक छत्री, एक पांघरूण, एक बाक.

प्रत्येकातलं दुखणं वेगळं आहे. पाळीच्या गोष्टीत शत्रू म्हणजे वेळ, वाटून घेण्याच्या गोष्टीत सुरी किंवा मापं, वापरायला देण्याच्या गोष्टीत भीती : मोडली तर, परत आलीच नाही तर? माझ्या सशाच्या गोष्टीत मी उसनं देणं आणि देऊन टाकणं यांची सरमिसळ केली होती, आणि त्या मुलीनं ती बरोबर पकडली. एका पुस्तकात एकच प्रकार घ्या. कागदाच्या वर तो शब्द लिहून ठेवा : “पाळी”, “वाटणी”, “उसनं”, जे काही असेल ते. शिवाय ती वस्तू कुणाची आहे, हे मुलाला पहिल्याच जोडपानावर, म्हणजे समोरासमोरच्या पहिल्या दोन पानांवर, कळू द्या. वस्तू एकाची असेल तर गोष्ट औदार्याची होते, दोघांची असेल तर न्यायाची. आपली छत्री दोघांची आहे. दाराजवळच्या कोपऱ्यात नेहमी उभी असणारी.

दुसरी पायरी : कोणत्या वयाचं मूल?

“दोन ते आठ वर्षांसाठी” असं पुस्तक नसतं. १९३२ साली मिल्ड्रेड पार्टन या संशोधिकेनं लहान मुलं एकत्र कशी खेळतात याचे प्रकार मांडले. त्यातला ‘समांतर खेळ’ दोन-अडीच वर्षांचं मूल पाहिलेल्या कुणालाही ओळखीचा वाटेल : दोघं शेजारी बसून, सारख्याच ठोकळ्यांशी, पण आपापलं खेळतात. त्यांच्यासाठी ‘जिवलग मित्र’ ही कल्पना फार लांबची आहे. “तुझ्याकडे एक, माझ्याकडे एक” इतकं पुरे, आणि जाड पुठ्ठ्याची पाच-सहा जोडपानंही पुरेत. तीन ते पाच हे रुसव्या-फुगव्यांचं, कट्टी-बट्टीचं वय. यमकातली वाटणीची गोष्ट इथे सगळ्यात जास्त रुजते, म्हणून मी नवख्यांना इथूनच सुरुवात करायला सांगते. सहाच्या पुढे मुलांना ‘कुणी जास्त काम केलं’, ‘कुणाला आधी हवं होतं’ असले बारकावे कळायला लागतात आणि त्यांना जोडओळींपेक्षा मोठी गोष्ट हवी असते.

या वयाबद्दल आणखी एक गोष्ट माहीत असावी. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन ते आठ वर्षांच्या मुलांना स्टिकर वाटायला दिले होते. समान वाटणी करायला हवी हे लहानग्यांनाही ठाऊक होतं. प्रत्यक्षात मात्र त्यांनी स्वतःकडे जास्त ठेवले. गंमत म्हणजे, आपण असंच करणार हेही त्यांनी आधीच बरोबर सांगितलं होतं. म्हणजे नियम मुलांना पाठ असतो. “वाटून घ्यावं” हे त्यांना यमकात पुन्हा सांगून आपण नवीन काहीच देत नाही. अडतं ते देतानाच्या त्या क्षणी, मूठ उघडताना. पुस्तकानं त्या क्षणापाशी मुलाबरोबर उभं राहायचं असतं.

तिसरी पायरी : आधी गद्यात

यमकाला अजून हात लावू नका. गोष्ट चार-पाच साध्या वाक्यांत लिहा. आपली अशी : पाऊस येतो. मीना आणि सोनूला एकाच छत्रीखाली जायचंय, पण दोघांना ती आपल्यावरच हवी. ओढाताण होते. वारा येतो, छत्री उलटी होते, दोघंही भिजायला लागतात. छत्री सुलटी करायला चार हात लागतात. मग दोघं एका छत्रीखालून घरी जातात. प्रत्येकाचा एक खांदा ओला.

यात कुणी मोठं माणूस येऊन न्याय देत नाही, आणि ते मुद्दाम. आई येते, समजावते, मुलं ऐकतात : असा शेवट लिहिणाऱ्याला सोयीचा असतो, पण त्यात निर्णय मुलाचा राहत नाही. २०१३ सालच्याच दुसऱ्या एका प्रयोगात ज्या मुलांना स्टिकर स्वतःकडे ठेवायचा की द्यायचा हे खरोखर स्वतः ठरवू दिलं होतं, ती पुढच्या वेळी जास्त मोकळ्या हातानं देताना दिसली. पुस्तकातल्या मुलालाही तेवढी मोकळीक द्या, नाही म्हणायचीसुद्धा.

चार हात लागतात, हाही योगायोग नाही. २०११ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगात तीन वर्षांच्या मुलांनी दोघांनी मिळून दोरी ओढून मिळवलेलं बक्षीस बऱ्यापैकी सारखं वाटून घेतलं, तेच बक्षीस आयतं मिळालं तेव्हा ते तितक्या समानपणे वाटलं गेलं नाही. गोष्ट रचणाऱ्याला यातून तयार कथानकच मिळतं : आधी मिळून काहीतरी करू द्या, वाटणी नंतर आणा. माझ्या सशाला चेंडू आयता मिळाला होता आणि त्यानं तो आयताच देऊन टाकला. मधे काही घडलंच नाही.

आता सशाविषयी. मुलांना प्राणी आवडतात म्हणून नवखे लेखक डोळे झाकून प्राणी निवडतात. २०१७ साली टोरोंटोच्या संशोधकांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची एकच गोष्ट दोन प्रकारे वाचून दाखवली : एकीत माणसाची पात्रं, दुसरीत माणसासारखे वागणारे प्राणी. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी नंतर जास्त स्टिकर दिले; प्राण्यांच्या गोष्टीचा तसा परिणाम दिसला नाही. एका अभ्यासावरून सगळे ससे हाकलून द्यावेत असं मी म्हणणार नाही. पण पात्र प्राणी असायला काही कारण आहे का, हे एकदा स्वतःला विचारा. साळिंदराला मिठी कशी मारायची, ही गोष्ट साळिंदराचीच हवी. छत्रीची गोष्ट मुलांची चालेल.

चौथी पायरी : पानं मोजा

चित्रपुस्तकाची पानं मनाला येईल तेवढी नसतात. मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापून, घडी घालून, कापून पुस्तक होतं. त्याचा फर्मा, म्हणजे एका कागदातून निघणारा पानांचा गठ्ठा, बहुधा १६ किंवा ८ पानांचा असतो, म्हणून पुस्तकं १६, २४ किंवा ३२ पानांची होतात. ३२ पानांत पहिलं शीर्षकाचं, दुसरं श्रेयनामावलीचं, तिसरं एकटं. मग ४-५ पासून ३०-३१ पर्यंत १४ जोडपानं आणि शेवटी ३२वं पुन्हा एकटं. २४ पानांत अशी १० जोडपानं मिळतात. पहिल्या पुस्तकाला १० भरपूर आहेत.

जोडपान म्हणजे पुस्तक उघडल्यावर एका नजरेत दिसणारी समोरासमोरची दोन पानं. मुलाच्या लेखी तोच एक ‘प्रसंग’. एका जोडपानावर एक प्रसंग आणि दोन ओळी, हे प्रमाण धरून चालावं. छत्रीची मांडणी अशी बसते : पाऊस; प्रश्न; ओढाताण; प्रश्न पुन्हा, आणि उजव्या कोपऱ्यात झाडाचं एक पान उडताना; वारा; सुलटी करण्याची धडपड; प्रश्न तिसऱ्यांदा; उत्तर; डबक्यातून चालणारी चार पावलं, शब्दांशिवाय; आणि शेवटी दोरीवर वाळत घातलेले दोन सदरे, प्रत्येकाची एकच बाही ओली.

तो कोपऱ्यातला उडता पाला विसरू नका. पान उलटण्याआधी उजव्या पानावर काहीतरी असं हवं की मुलाचा हात आपसूक पुढे जाईल.

पाचवी पायरी : ठेका

आता ओळी. नवख्यांची समजूत असते की यमक जुळलं की कविता झाली. मुलाच्या कानाला यमकाआधी ठेका लागतो. ठेका मोडला की उत्तम यमकही अडखळतं.

सुरुवातीला आठ मात्रांचं आवर्तन घ्या. छंदशास्त्रात याला पद्मावर्तनी म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल, टाळी विसरू नका. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन. ऱ्हस्वाच्या पुढे जोडाक्षराचा आघात आला किंवा त्यावर अनुस्वाराचा ठसठशीत उच्चार असला, तर त्याच्याही दोन. ‘छत्री’ : छ पुढच्या त्री-मुळे दोन, त्री दोन, एकूण चार. ‘म्ह’, ‘न्ह’, ‘ल्ह’ मात्र आधीच्या अक्षरावर सहसा जोर देत नाहीत. चार-चार मात्रांचे चार ठोके, म्हणजे आठांची दोन आवर्तनं, अशी एक ओळ :

छत्री एकच, डोकी दोन;
सांगा, ओलं होईल कोण?

पहिली ओळ टाळीवर म्हणा : छत्री / एकच / डोकी / दोन. शेवटी एक मात्रा उरते, तिथे श्वास. दुसरी : सांगा / ओलं / होईल / कोण. ‘होईल’ कागदावर पाच मात्रांचं आहे आणि ‘कोण’ तीन, बेरीज जुळते. शिवाय तोंडात ‘होईल’ आक्रसून चारात बसतं. हे नेहमी होतं. ‘आला पाऊस टपटप टप, छत्री उघडली झपझप झप’ यात ‘पाऊस’ आणि ‘उघडली’ दोन्ही कागदावर पाच आहेत, पण म्हणताना ‘उघड्ली’ होतं आणि ठेका कुठे हलत नाही. मराठी लिहिल्यासारखी उच्चारली जात नाही. शब्दाच्या शेवटचा आणि मधला ‘अ’ आपण गिळतो. त्यामुळे मात्रा मोजून झाल्यावर शेवटचा निवाडा टाळीनंच करायचा.

नावं ठेवताना हेच पाहा. माझ्या मनात आधी मिनू आणि समू होते, तीन-तीन मात्रांचे. प्रत्येक ओळीत त्यांच्यापाशी पाय घसरायचा. मीना आणि सोनू केलं, चार-चार मात्रा झाल्या, आणि निम्म्या पुस्तकभर असलेलं लंगडणं दूर झालं.

सहावी पायरी : यमक

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे यमक फुकट मिळतं : आला-गेला, बसला-हसला, करतो-धरतो. हे फुकटचं आहे म्हणूनच सांभाळून घ्या. ‘आला-गेला’मध्ये फक्त ‘ला’ जुळतो, आधीचा स्वर जुळत नाही. ‘झाली-खाली’ किंवा ‘उलटी-सुलटी’ म्हणून पाहा आणि फरक ऐका. शेवटच्या अक्षराबरोबर त्याआधीचा स्वरही जुळला की कान तृप्त होतो. क्रियापदाला क्रियापद जुळवलेल्या जोड्या पुस्तकात तीन-चारच्या वर जाऊ देऊ नका. एका बाजूला क्रियापद आणि दुसऱ्या बाजूला नाम, प्रश्न किंवा आवाज आला की ओळ जिवंत होते.

दोन-कोण या जोडीवर काटेकोर वाचक नाक मुरडेल, कारण एकीकडे न आहे, दुसरीकडे ण. मला ते माहीत आहे आणि मी ते ठेवलंय. पुढच्या जोडीतही तसंच :

इकडे ओढ, तिकडे ओढ!
छत्री सोड! तूच सोड!

ढ आणि ड. जवळच्या ध्वनींची जोडी मुलाच्या कानाला चालते आणि इथे भांडणाचा आवाज हुबेहूब येतो. पण एका पुस्तकात अशा जोड्या एक-दोनच. सगळ्याच तशा असल्या की ती सवलत राहत नाही, आळस होतो.

खरा घात मात्र वेगळ्याच ठिकाणी होतो. भांडणासाठी माझी पहिली जोडी अशी होती :

मीना म्हणते, ‘छत्री माझी!’
सोनू म्हणतो, ‘मी ना राजी!’

मात्रा बिनचूक. सोळाला सोळा. यमकही कानाला चालेल असं. आणि तरी ओळ खोटी, कारण जगाच्या पाठीवर कुठलंही चार वर्षांचं मूल छत्री ओढताना “मी ना राजी” म्हणणार नाही. ‘माझी’ला जोडी हवी म्हणून तो ‘राजी’ कुठूनतरी ओढून आणलेला आहे. अशी ओळ सापडली की दुसरी ओळ दुरुस्त करत बसू नका. पहिली सोडून द्या. यमकाची अडचण बहुधा आधीच्या ओळीतच असते. ‘मजला’, ‘तयाला’, ‘मिळुनी’, ‘राही’, ‘सदा’ हे शब्दही याच जातीचे. मात्रा भरायला येतात आणि बोलीचा घसा आवळतात. आणि ‘झाले’ लिहायचं की ‘झालं’, हे पहिल्या दिवशी ठरवा. मोठ्यानं वाचायच्या पुस्तकात मी ‘झालं’च्या बाजूची आहे, पण काही ठरवलं की मग यमकासाठी मधेच दुसरं घ्यायचं नाही.

सातवी पायरी : शेवटचा शब्द मुलाला द्या

सगळ्या पायऱ्यांत मला हीच महत्त्वाची वाटते.

यमकाची ओळ ऐकताना मुलाला शेवटचा शब्द आधीच दिसू लागतो. “छत्री एकच, डोकी दोन, सांगा, ओलं होईल…” इथे थांबा. दुसऱ्या वाचनाला मूल ओठ हलवतं, तिसऱ्याला “कोण!” म्हणून ओरडतं. या खेळाचा वाचनाशीही संबंध आहे : १९८३ साली ब्रॅडली आणि ब्रायंट या संशोधकांनी दाखवलं की चार-पाच वर्षांच्या मुलांना सारख्या ध्वनींचे शब्द कितपत ओळखता येतात, याचं त्यांच्या पुढच्या वाचनाशी नातं असतं. पण वाटणीच्या पुस्तकात त्याचा अर्थ आणखी वेगळा होतो. मोठ्या माणसानं ओळ अर्धी म्हणायची आणि उरलेली मुलासाठी ठेवायची. मूल आपला वाटा उचलतं आणि ओळ दोघांची होते. वाटून घेणं पुस्तकात सांगितलेलं नसतं, वाचताना घडत असतं.

त्यासाठी लिहिताना तीन गोष्टी कराव्या लागतात. पालुपद ठेवायचं, तेही किमान तीन वेळा, म्हणजे मुलाला ते पकडायला वेळ मिळतो. त्याचा शेवटचा शब्द मुलाच्या रोजच्या बोलण्यातला, एक-दोन अक्षरी, जोरात ओरडता येईल असा हवा. ‘कोण’ चालतो, ‘सहकार्य’ नाही. आणि तिसऱ्या वेळी उत्तर बदलायचं. आपल्या पुस्तकात पहिल्या दोन वेळा “कोण?” विचारल्यावर मुलं “मीना!” किंवा “सोनू!” अशी बाजू घेतात. तिसऱ्या वेळी पान उलटलं की :

अर्धी ओली मीना झाली,
अर्धा सोनू छत्रीखाली.

सोळाला सोळा मात्रा, पण मला त्यापेक्षा आवडतं ते हे की यात “दोघांनी वाटून घेतली” असं कुठे म्हटलेलं नाही. आणि वाटून घेण्याची किंमतही लपवलेली नाही. वाटलं की अर्धं कमी होतं, एक खांदा भिजतो. मुलांना ते ठाऊक असतंच. पुस्तकानं ते नाकारलं की पुस्तकावरचा त्यांचा विश्वास उडतो.

यानंतर आणखी दोन ओळी लिहायचा मोह होईल : ‘मिळून राहू, मजा करू’ वगैरे. लिहा, आणि खोडा.

आठवी पायरी : चित्राची जागा सोडा

ओळीत जे आहे तेच चित्रात असेल तर दोघांपैकी एकजण बिनकामाचा. ‘लाल छत्री’ लिहू नका, ती चित्रात लालच दिसणार आहे. चेहरे, कपडे, रंग, कोण कुठे उभं आहे, हे सगळं चित्रकाराचं. तुमच्याकडे आवाज, वेळ, बोलणं आणि नावं. भावना शक्यतो चित्राला द्या : “सोनूला वाईट वाटलं” याऐवजी सोनू पाठमोरा. सुलटी करतानाची जोडी मी मुद्दाम दोन जोडपानांवर तोडली आहे :

वारा आला, छत्री उलटी!

इथे पान उलटायचं, आणि मग :

‘तू धर दांडा, करते सुलटी!’

एवढ्यात वारा, पंचाईत, आणि भांडणाऱ्या मुलीनं पहिल्यांदा दुसऱ्याला काम सोपवणं येतं. उरलेली धडपड चित्रकारानं दाखवायची. दोन्ही ओळी एकाच पानावर छापल्या असत्या तर वाऱ्याची भीती वाटायच्या आत संपली असती.

एखाद्या जोडपानावर शब्दच ठेवू नका. तिथे मूल बोलतं.

नववी पायरी : डमी करा, दुसऱ्याकडून वाचून घ्या

सहा कोरे कागद एकावर एक ठेवून मधोमध दुमडा, घडीवर दोन पिना मारा : २४ पानांची डमी, म्हणजे पुस्तकाचा कच्चा नमुना, तयार. पानांना क्रमांक द्या, ओळी कापून चिकटवा, चित्रांच्या जागी काड्यांची माणसं काढा. चित्रकला येत नसेल तर जास्तच बरं, कारण मग तुम्ही चित्रावर भाळत नाही. संगणकाच्या पडद्यावर दहा वेळा वाचून न सापडलेली चूक डमीत पहिल्याच वेळी हाताला लागते : एका पानावर सहा ओळींची गर्दी, पुढच्यावर काहीच नाही.

मग डमी स्वतः वाचू नका. तुम्हाला ठेका माहीत असतो, त्यामुळे तुम्ही तो ओळीत घालता. ज्यानं ती आधी पाहिलेली नाही अशा माणसाला मोठ्यानं वाचायला द्या आणि कडेला पेन्सिल घेऊन बसा. जिथे तो अडखळला तिथे खूण करा. तिथे चूक ओळीची असते, वाचणाऱ्याची नाही. हे मान्य करायला मला बरीच वर्षं लागली.

मुलांसमोर वाचताना “आवडली का?” विचारू नका, मुलं मोठ्यांना खूश करतात. फक्त बघा. कुठल्या पानाला अंग पुढे झुकलं, कुठे चुळबुळ सुरू झाली, पालुपद कितव्यांदा उचललं. संपल्यावर “पुन्हा” म्हटलं तर त्याहून मोठी पावती नाही, आणि पुन्हा वाचणं वाया जात नाही : २०११ सालच्या एका अभ्यासात तीन वर्षांच्या मुलांनी वेगवेगळ्या गोष्टी ऐकण्यापेक्षा त्याच त्या गोष्टी पुन्हा ऐकताना नवे शब्द जास्त शिकले. आणि वाचून झाल्यावर “मग यातून आपण काय शिकलो?” हा प्रश्न कृपा करून गिळून टाका. विचारायचंच असेल तर “याचा हाच खांदा का ओला?” असं काही विचारा. छत्रीची डमी वाचताना एका मुलानं शेवटच्या पानावर बोट ठेवून सांगितलं की सदरे चुकीचे टांगलेत. मीनाची डावी बाही ओली दाखवली होती. ती छत्रीखाली डाव्या बाजूला चालत होती म्हणून. पण दोरीवर सदरा पाठीकडून दिसतोय की पुढून, हे काड्यांच्या चित्रात कळत नव्हतं. त्यानं मग स्वतःचा सदरा काढून दाखवला.

दहावी पायरी : पाठवताना

प्रकाशकाकडे पाठवताना मजकूर साधा टाइप करा, प्रत्येक जोडपानाला क्रमांक द्या, चित्राची सूचना फक्त जिथे तिच्याशिवाय ओळ कळणारच नाही तिथे, तीही एका वाक्यात. स्वतः चित्रकार शोधून सगळी चित्रं करून घ्यायची घाई करू नका; बऱ्याच प्रकाशकांना चित्रकार स्वतः निवडायचा असतो. ते मुलांची पुस्तकं काढतात का आणि यमकातली काढतात का, हे त्यांची पुस्तकं चाळून आधी पाहा. करारात मजकुराचे हक्क कुणाकडे राहतात, तेवढं वाक्य दोनदा वाचा.

आणि डमीच्या दोन प्रती करून ठेवा. माझी छत्रीची पहिली डमी शेवटच्या वाचनानंतर त्या सदऱ्यावाल्या मुलानं “वाचून देतो” म्हणून घरी नेली. अजून त्याच्याकडेच आहे.